उकळल्यानंतरचा आकडा

बळ्ळारी नाल्यावरून भरमा सकाळीच बाटली भरून आणतो.
लेबलावर तारीख त्यानं कन्नडात घातलेली,
माझं नाव मराठीत,
आणि जिवाणूचं नाव लॅटिनात, जे जिवाणूला ठाऊक नाही.

रात्रभर वाढवून, सकाळी फिरवून, तीनदा धुते मी त्यांना
साखरेच्या पाण्यात.
मिठाचा कण राहून चालत नाही. मीठ वीज वाहतं,
साखर वाहत नाही.
बाहेर सगळं गप्प असेल
तरच आतून काही निसटलेलं ऐकू येतं.

मग दोन प्लॅटिनमच्या पट्ट्या,
मधे सेंटिमीटरभर दुधाळ पाणी.
मीटर सांगतो : बेचाळीस.

"किती व्होल्ट असतंय गे त्या जंतूच्या सालीवर?"
आण्णांनी एकदा विचारलं होतं, हात ग्रीसचे,
वडगावातल्या यंत्रमागांच्या मोटारी बांधण्यात
चाळीस वर्षं गेलेले हात.
"दशांश व्होल्ट. थोडं वर-खाली."
"ह्यॅ! एवढ्यात टेस्टरबी पेटत न्हाई."

साल किती पातळ असते ते मी सांगितलं नाही.
त्या जाडीनं भागलं तर तो ताण
पावसाळी ढगातल्या ताणापेक्षाही जास्त भरतो.
सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग शॉक का बसत न्हाई?
आणि ताटं वाढून झाली होती.

लवंगतेल, तीन थेंब.
खोलीभर दाढदुखीचा वास.
चव्वेचाळीस. एक्कावन्न. भरमा खुर्ची ओढून बसतो.
सूक्ष्मदर्शकाखाली त्या तशाच असतात, लांबट, टुमटुमीत,
कुठं भोक नाही, कुठं चीर नाही.
पोटॅशियम मात्र निघालेलं असतं
दार न वाजवता.
त्र्याहत्तर. एकशे पाच.

हिरेमठ मॅडम म्हणतात, नुसता आकडा मला नको.
किती होतं, त्यातलं किती गेलं, ते सांग.
म्हणून दुसरी नळी असते.
तेच जिवाणू, तेवढेच,
पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरायचे.
आत काही शिल्लक राहत नाही. मीटर : दोनशे दहा.
ह्याला आम्ही शंभर टक्के म्हणतो,
आणि लवंगेनं काढलेले त्रेसष्ट
त्याखाली ठेवून भागतो. तीस टक्के.

"एखाद्याच्या आत किती होतं
हे त्याला उकळल्याशिवाय कळत नाही,"
असं मी प्रबंधात लिहिलं होतं.
मॅडमनी लाल पेननं खोडलं. बाजूला लिहिलं : संदर्भ?

संदर्भ असा की,
गेल्या दिवाळीआधी गल्लीतले शेवटचे सहा माग भंगारात गेले.
टेम्पो बोळात अडकला होता.
त्यातल्या सगळ्या मोटारी आण्णांच्याच हातच्या,
प्रत्येकीच्या अंगावर छिन्नीनं कोरलेला नंबर.
टेम्पोवाल्यानं त्यांना वजनकाट्याशी उभं केलं,
तुम्हीच मोजा म्हणाला.
आयुष्यभर मराठीत भांडलेला माणूस
मोजताना नेहमी कन्नडात मोजतो :
ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु...
आवाज जराही हलला नाही.
मी जवळच उभी होते, मला माहीत आहे.

घरी आले. डबा उघडून एक लवंग गालात धरली.
"दाढ दुखतीया काय?"
"न्हाई."
मग टीव्हीवर तिकडच्या पावसाची बातमी,
इकडच्या बसची,
आणि ते लवंग चावत नव्हते, नुसती धरून होते
झोपेपर्यंत.

आज सकाळचा नमुना वेगळा आहे,
तेल घालून वीस मिनिटं झाली तरी
बेचाळीसाचे त्रेचाळीस झालेले नाहीत.
पट्ट्या पुसल्या. परत घातल्या. बेचाळीस.
भरमा पाण्याखाली शेगडी पेटवून विचारतो,
"मॅडम, उकळायची नळी टाकूलो काय?"

थांब म्हटलं.
तारीख घालून ती नळी मी
फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ठेवली.
वहीत तेवढी ओळ कोरी आहे.